नोंदींना शिस्त लावणारे गणिती : डॉ. एडगर कॉड





आपल्या वार्तापत्रातून आम्ही वेळोवेळी एखाद्या थोर व्यक्तीचा परिचय करून देत असतो. आतापर्यंत संत झाले, समाजसुधारक झाले, क्रांतिकारक आणि खेळाडूही झाले. या वेळी निवडलेले नाव संगणकाच्या जगात मोठ्या आदराने घेतले जाते, पण आपल्या घरांत ते क्वचितच ऐकू येते. त्यांच्या कामाचा उपयोग मात्र आपण सगळेच रोज करतो. बँकेत पैसे भरताना, रेल्वेचे तिकीट काढताना, परीक्षेचा निकाल पाहताना, इतकेच नव्हे तर मोबाईलमध्ये एखाद्याचा नंबर शोधतानासुद्धा. त्यांचे नाव डॉ. एडगर फ्रँक कॉड. मित्रमंडळी त्यांना टेड म्हणत.

हे नाव आम्ही का निवडले, ते आधी सांगतो. त्यात आमच्या एका चुकीची कबुली आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्या कार्यालयातील फीच्या नोंदी संगणकावर आल्या. संगणक एक आणि पासवर्डही एकच. तो सर्वांना ठाऊक होता आणि एका चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलेलाही होता. फी घेणारे, निकालपत्र छापणारे, टी.सी. देणारे सगळे त्याच एका नावाने आत जात. एके दिवशी एका विद्यार्थ्याची भरलेली फी बाकी दिसू लागली. आम्ही त्याच्या वडिलांना बोलावून चार शब्द सुनावले. ते काही न बोलता घरी गेले आणि पावती घेऊन आले. नोंद कोणी बदलली, हे संगणकाला सांगता येईना, कारण त्याच्या लेखी सगळे एकच होते. मग संशय आला तो कार्यालयातल्या सर्वांत जुन्या लिपिकांवर, ज्यांना सगळी शाळा बाबूजी म्हणते. आठ-दहा दिवसांनी उलगडा झाला की दुसऱ्याच कुणाकडून निकालपत्र छापताना चुकून भलतीच ओळ बदलली गेली होती. बाबूजींची आम्ही माफी मागितली. पण ते आठ-दहा दिवस त्यांनी मान खाली घालून काढले, ते आम्ही विसरू शकत नाही. दोष संगणकाचा नव्हता, बाबूजींचा तर नव्हताच. दोष व्यवस्थेचा होता, आणि ती व्यवस्था आमची होती.

आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घरी मराठी, कॉलेजात हिंदी आणि इंग्रजीशी जेमतेम राम-राम. संगणक तर चाळिशीनंतर हाताखाली आला. तरीही या प्रसंगानंतर नोंदी म्हणजे काय, त्या कशा ठेवाव्यात, कोणाला काय पाहू द्यावे, हे समजून घ्यायचे ठरवले. शोध घेता घेता आम्ही डॉ. कॉड यांच्यापर्यंत पोहोचलो.

बालपण आणि युद्ध

एडगर कॉड यांचा जन्म १९ ऑगस्ट १९२३ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंड येथे झाला. सात भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडिलांचा चामड्याच्या वस्तू तयार करण्याचा व्यवसाय होता आणि आई शाळेत शिक्षिका होत्या. पूल गावच्या ग्रामर स्कूलमध्ये त्यांचे शालेय शिक्षण झाले. पुढे ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या एक्सेटर कॉलेजात ते रसायनशास्त्र आणि गणित शिकू लागले.

तेवढ्यात दुसऱ्या महायुद्धाने त्यांना गाठले. विद्यार्थी असल्याने सैन्यातून सूट मिळण्याजोगी होती, पण कॉड स्वतःहून ब्रिटिश हवाई दलात दाखल झाले. समुद्रावर गस्त घालणाऱ्या कोस्टल कमांडमध्ये ते सुंदरलँड नावाची मोठी विमाने चालवीत. ही विमाने धावपट्टीवर नव्हे, तर थेट पाण्यावर उतरत. युद्ध संपल्यावर ते पुन्हा ऑक्सफर्डला आले आणि १९४८ साली गणिताचे पदवीधर होऊन बाहेर पडले.

पोटासाठी वणवण

पदवी हाती आली तसे ते अमेरिकेत न्यू यॉर्कला गेले. तिथे नोकरी वाट पाहत नव्हती. मेसीज नावाच्या प्रसिद्ध दुकानात पुरुषांचे खेळाचे कपडे विकण्याचे काम त्यांनी केले. ऑक्सफर्डचा गणिती काउंटरवर उभा राहून सदरे दाखवतो आहे, हे चित्र आमच्या विद्यार्थ्यांनी जरा डोळ्यांपुढे आणावे. कामाची लाज त्यांनी धरली नाही. पुढे काही महिने त्यांनी टेनेसी विद्यापीठात गणितही शिकवले.

१९४९ साली ते आयबीएम कंपनीत रुजू झाले. त्या काळचे संगणक एकेक खोली व्यापणारे असत आणि त्यांच्यासाठी प्रोग्राम लिहायला गणिती माणसे लागत. काम छान चालले होते. पण त्याच सुमारास अमेरिकेत सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी कम्युनिस्ट शोधण्याची मोहीम उघडली होती. नुसत्या संशयावरून लोकांच्या नोकऱ्या जात होत्या. कॉड यांना हे सहन झाले नाही. १९५३ मध्ये ते देश सोडून कॅनडात ओटावा येथे गेले आणि चार वर्षे तिथेच काम केले. पुरावा नसताना माणसाकडे बोट दाखवले जाते, याचा त्यांना तिटकारा होता. हे वाचताना आम्हाला बाबूजींची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही.

१९५७ मध्ये ते आयबीएममध्ये परतले. स्ट्रेच नावाचा एक बलाढ्य संगणक तेव्हा घडत होता. एकाच यंत्रावर अनेक प्रोग्राम एकाच वेळी चालावेत आणि त्यांनी एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करू नये, या प्रश्नावर कॉड यांनी तिथे काम केले. अनेकांनी एक वस्तू वापरायची, पण एकमेकांच्या ताटात हात घालायचा नाही, हा धागा त्यांच्या पुढच्या कामातही दिसतो.

चाळिशीत पुन्हा विद्यार्थी

नोकरीत जम बसल्यावर माणूस पुस्तके बांधून माळ्यावर टाकतो. कॉड यांनी उलटे केले. कंपनीची शिष्यवृत्ती घेऊन ते मिशिगन विद्यापीठात पुन्हा विद्यार्थी झाले आणि चाळिशी ओलांडल्यावर, १९६५ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली. स्वतःची प्रतिकृती स्वतःच तयार करू शकेल असे यंत्र गणिताने कसे मांडता येईल, हा त्यांचा विषय होता. थोर गणिती जॉन फॉन नॉयमन यांनी या रचनेतील प्रत्येक पेशीसाठी २९ अवस्था वापरल्या होत्या. कॉड यांनी तेच काम ८ अवस्थांत करून दाखवले. पसारा कमी करून तेच काम साधायचे, ही त्यांची खासियत होती.

कोष्टकांची कल्पना

आता येतो तो त्यांच्या आयुष्यातील मुख्य भाग. साठच्या दशकाच्या अखेरीस ते कॅलिफोर्नियात सॅन होजे येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेत आले. तेव्हा संगणकात माहिती ठेवण्याची रीत अशी होती की प्रत्येक नोंद दुसऱ्या नोंदीला दोरीने बांधल्यासारखी जोडलेली असे. आयबीएमची स्वतःची आयएमएस नावाची प्रणाली झाडासारखी होती. वर खोड, खाली फांद्या, त्यांना पाने. ती चंद्रावर जाणाऱ्या अपोलो मोहिमेच्या सुट्या भागांची मोजदाद ठेवण्यासाठी घडली होती आणि त्या कामात ती उत्तम होती. अडचण यायची ती वेगळा प्रश्न विचारला की. माहिती कुठल्या फांदीवर आहे हे ठाऊक असलेला जाणकारच ती काढू शके, आणि फांद्यांची रचना बदलली की जुने प्रोग्राम बंद पडत.

हे आपल्या शाळेच्या उदाहरणाने समजून घेऊ. समजा, इयत्तावार एकेक रजिस्टर आहे आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावासमोर वडिलांचा पत्ता व फोन लिहिला आहे. एकाच घरातली दोन मुले शाळेत असली, तर तोच पत्ता दोन ठिकाणी आला. घर बदलले आणि एका रजिस्टरात दुरुस्ती झाली, दुसऱ्यात राहून गेली, तर खरा पत्ता कोणता?

कॉड यांनी सुचवलेला उपाय वरून पाहता फार साधा आहे. माहिती सरळ कोष्टकांत, म्हणजे आडव्या ओळी आणि उभ्या रकान्यांत ठेवा. विद्यार्थ्यांचे एक कोष्टक, पालकांचे दुसरे, फीचे तिसरे. प्रत्येक ओळीला तिची स्वतःची अशी ओळख द्या, जी दुसऱ्या कुठल्याच ओळीची नसेल. आपल्याकडे जसा प्रत्येक विद्यार्थ्याचा स्कॉलर नंबर असतो, तसेच हे. एकाच वर्गात एका नावाची दोन मुले असू शकतात, पण स्कॉलर नंबर एकच असू शकत नाही. फीच्या कोष्टकात विद्यार्थ्याचा सगळा तपशील पुन्हा लिहायचा नाही, फक्त तो नंबर लिहायचा. पत्ता एकाच जागी राहील आणि एकाच जागी बदलेल.

यामागे संच आणि तर्कशास्त्राचे पक्के गणित होते. माहिती यंत्रात नेमकी कुठे व कशी साठवली आहे, याची चिंता वापरणाऱ्याने करू नये, त्याने फक्त काय हवे ते विचारावे, हा कॉड यांचा आग्रह होता. १९६९ मध्ये हा विचार कंपनीच्या अंतर्गत अहवालात आला आणि जून १९७० मध्ये एका नामांकित संगणक नियतकालिकात निबंधरूपाने छापला गेला. निबंधाचा विषयच मुळी अनेकांनी मिळून वापरायच्या मोठ्या माहितीसाठ्यांचा होता. याच मांडणीला आज रिलेशनल डेटाबेस म्हणतात.

घरचेच ऐकेनात

एवढी मोठी कल्पना, पण स्वागत थंड झाले. आयएमएस बाजारात चांगली चालत होती, तिच्याच मुळावर येणारी नवी पद्धत कंपनीला नको होती. पुष्कळ जाणकारांना वाटे की हे कागदावरचे गणित आहे, यंत्रावर ते फार हळू चालेल. १९७४ साली अ‍ॅन आर्बर येथील एका परिषदेत कॉड आणि चार्ल्स बाकमन यांचा या विषयावर जाहीर वादविवाद झाला. बाकमन हे जुन्या पद्धतीचे अग्रणी आणि त्याआधीच्याच वर्षी ट्युरिंग पुरस्काराने सन्मानित झालेले. कॉड डगमगले नाहीत. ते लिहीत राहिले, कंपनीच्या ग्राहकांना समजावत राहिले.

हळूहळू चक्रे फिरली. आयबीएमच्याच प्रयोगशाळेत सिस्टिम आर नावाचा प्रकल्प सुरू झाला. तिथे डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी कोष्टकांना प्रश्न विचारण्याची भाषा घडवली. तीच आजची एसक्यूएल. बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर व युजीन वाँग यांनी इंग्रेस उभारली. कॉड यांच्या निबंधांवरून स्फूर्ती घेऊन लॅरी एलिसन आणि त्यांच्या साथीदारांच्या छोट्या कंपनीने १९७९ साली ओरॅकल बाजारात आणले. आयबीएमची स्वतःची पहिली अशी प्रणाली त्यानंतर, १९८१ मध्ये आली. ज्या घरात कल्पना जन्मली, त्या घराआधी शेजाऱ्याने तिचे सोने केले.

१९८१ सालचा ट्युरिंग पुरस्कार कॉड यांना मिळाला. संगणकशास्त्रात नोबेलच्या तोलाचा मानला जाणारा हा सन्मान आहे.

कोण आत येतो आणि काय करतो

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. पासवर्डाची युक्ती कॉड यांची नाही, हे प्रथम स्पष्ट करतो. पण आज कुठलीही वेबसाईट वापरणाऱ्यांना ओळखते आणि त्यांना ठरावीक अधिकार देते, ते बहुतेक वेळा त्यांच्या कोष्टकांच्या आधारेच.

यात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आम्ही स्वतः त्यांची गल्लत करत होतो. पहिला, समोरचा माणूस खरोखर तोच आहे का? दुसरा, तोच असला तरी त्याला हे काम करण्याचा अधिकार आहे का? फाटकावरचा शिपाई ओळखपत्र पाहून आत सोडतो, पण आत आलेल्या प्रत्येकाला तिजोरीची किल्ली मिळत नाही.

पहिल्या प्रश्नासाठी वापरणाऱ्यांचे एक कोष्टक असते. त्यात प्रत्येकाची एक ओळ. मात्र त्या ओळीत पासवर्ड जसाच्या तसा लिहिणे हा मोठा गुन्हा समजावा. गिरणीत गहू दळला की पीठ मिळते, पण पिठातून पुन्हा गहू मिळत नाही. त्याप्रमाणे पासवर्ड गणिताच्या गिरणीतून दळून त्याचे पीठच साठवतात, त्याला हॅश म्हणतात. आपण पासवर्ड टाकला की तो पुन्हा दळतात आणि दोन्ही पिठे जुळतात का ते पाहतात. साठच्या दशकात केंब्रिज विद्यापीठात रॉजर नीडहॅम यांनी ही वाट दाखवली. पुढे रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्पसन यांनी १९७९ मध्ये दळण्यापूर्वी प्रत्येकाच्या पासवर्डात वेगवेगळे मीठ मिसळण्याची रीत मांडली. त्याला इंग्रजीतही मीठच म्हणतात! त्यामुळे दोघांचा पासवर्ड योगायोगाने एकच असला, तरी पीठ वेगळे दिसते आणि चोराला एकावरून दुसरा ओळखता येत नाही. यावरून पालकांसाठी एक खूण सांगतो. पासवर्ड विसरलात आणि कोणी तुमचा जुनाच पासवर्ड जसाच्या तसा कळवला, तर तिथे तो उघडाच ठेवला आहे असे समजावे.

दुसऱ्या प्रश्नासाठी भूमिकांचे कोष्टक असते. लिपिक, वर्गशिक्षक, परीक्षा प्रमुख, मुख्याध्यापक, पालक या भूमिका. अधिकार माणसाला नव्हे, तर भूमिकेला द्यायचे. मग तिसऱ्या कोष्टकात फक्त जोड्या लिहायच्या, की कोणाकडे कोणती भूमिका आहे. हे तिसरे कोष्टक का लागते? आपल्या एक बाई वर्गशिक्षिका आहेत, परीक्षा समितीत आहेत आणि त्यांचा मुलगा इथेच शिकत असल्याने पालकही आहेत. एका व्यक्तीच्या तीन भूमिका, आणि एकाच भूमिकेत अनेक व्यक्ती. एका रकान्यात हे मावत नाही, तीन ओळींत सहज मावते. उद्या त्यांनी परीक्षा समिती सोडली, तर एक ओळ काढायची. बाकी कशालाही हात लावायचा नाही.

अधिकार देणे आणि काढून घेणे यांचे नियम सिस्टिम आरमध्येच पॅट्रिशिया ग्रिफिथ्स आणि ब्रॅडफर्ड वेड यांनी १९७६ साली मांडले. एकाने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने तिसऱ्याला अधिकार दिला असेल, तर दुसऱ्याचा अधिकार काढताच तिसऱ्याला त्याच्याकडून मिळालेलाही जातो. भूमिकेप्रमाणे अधिकार देण्याची पद्धत १९९२ मध्ये अमेरिकेत डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून यांनी नीट सूत्रबद्ध केली. पाया मात्र कॉड यांचाच. १९८५ साली त्यांनी खऱ्या रिलेशनल प्रणालीसाठी गाजलेले बारा नियम सांगितले. त्यांतला एक असा, की माहितीविषयीची माहितीसुद्धा कोष्टकांतच असावी आणि अधिकार असलेल्यांना ती त्याच भाषेत पाहता यावी. म्हणजे कुलपांची यादीही त्याच शिस्तीत, कोणाच्या खिशातल्या चिठ्ठीवर नाही.

अखेरचे दिवस

१९८३ मध्ये कॉड पडले आणि त्यांना गंभीर दुखापत झाली. पुढच्या वर्षी ते आयबीएममधून निवृत्त झाले. पण स्वस्थ बसले नाहीत. ख्रिस डेट यांच्याबरोबर त्यांनी सल्लागार संस्था काढली, व्याख्याने दिली, लेखन केले. आपली कल्पना बाजारात गाजते आहे यावर ते खूश नव्हते. तिच्यात तडजोडी होतात, एसक्यूएलमध्ये एकसारख्या दोन ओळी चालवून घेतात, याबद्दल ते शेवटपर्यंत परखडपणे बोलत राहिले. १८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात वयाच्या ७९ व्या वर्षी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी डेटाबेस क्षेत्रातील एका मोठ्या पुरस्काराला त्यांचे नाव देण्यात आले.

आपण काय घ्यावे

विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडून चिकाटी घ्यावी. घरचेच ऐकत नव्हते तरी पटलेली गोष्ट त्यांनी सोडली नाही, आणि चाळिशीत पुन्हा बाकावर बसायला ते लाजले नाहीत.

पालकांना विनंती की मुलांना आपला पासवर्ड मित्रांना न देण्याची सवय लावावी. मैत्री वेगळी आणि किल्ली वेगळी.

विश्वस्त मंडळींसाठी थोडे अधिक. आमच्या त्या चुकीनंतर चिठ्ठी फाडून टाकली. आपल्याच एका माजी विद्यार्थ्याच्या मदतीने आता कार्यालयात प्रत्येकाचे वेगळे नाव, वेगळा पासवर्ड आणि ठरलेली भूमिका आहे. फीची नोंद बदलली, तर कोणी आणि केव्हा, हे त्याच ओळीसोबत लिहिले जाते. निकाल भरणाऱ्याला फीची ओळ दिसते, पण बदलता येत नाही. मुख्याध्यापक म्हणून आमचेही काही अधिकार आम्ही होऊन कमी केले. गुण पाहता येतात, बदलता येत नाहीत. २०२३ साली आपल्या देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आणि १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीची त्यात विशेष काळजी घेतली आहे. तेव्हा हा खर्च चैनीचा नाही, जबाबदारीचा आहे. पालकांसाठी घरबसल्या निकाल पाहण्याची सोय करण्याचा विचार चालू आहे. ती करताना प्रत्येक पालकाला फक्त आपल्याच पाल्याची ओळ दिसेल, अशी व्यवस्था होईपर्यंत घाई करू नये, असे आमचे नम्र मत आहे.

नव्या व्यवस्थेत पहिल्यांदा स्वतःच्या नावाने आत गेले ते बाबूजी. पासवर्ड टाकताना त्यांनी आम्हाला हसत हसत तोंड फिरवायला सांगितले. आम्ही आनंदाने फिरवले. कुलूप चोरासाठी असते हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते प्रामाणिक माणसाच्या अब्रूसाठीही असते, हे आम्हाला उशिरा का होईना, पण कळले.

आमच्या मराठीत कुठे हिंदीची छटा उतरली असल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे, ही विनंती.